फोटोवरचा लाल गोल

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीची पाण्याची मोटर जळाली. प्लंबर आला, पंपरूमचं कुलूप उघडलं, आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांमागे भिंतीला टेकवून उभा केलेला एक बाक दिसला. लोखंडी पाय, वर लाकडाच्या चार पट्ट्या, एका पट्टीवर पोरांनी किल्लीने कोरलेला क्रिकेटचा स्कोअर. प्लंबरने विचारलं, "हा भंगारात द्यायचाय का?" मी नाही म्हणालो. इतक्या जोरात म्हणालो की तो दचकला.

हा बाक माझ्या ओळखीचा आहे. बुचाच्या झाडाखाली तो कित्येक वर्षं होता. एप्रिल २०२० मध्ये तो उचलून आत टाकला गेला. त्याचा शेवटचा फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे.

फोटो वरून काढलेला आहे, बहुधा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. त्यात एका म्हाताऱ्या माणसाचं टक्कल दिसतं, हातात स्टीलचा पेला दिसतो, आणि पायातून सुटून जरा लांब पडलेली एक चप्पल दिसते. माणसाच्या आसपास दुसरं कोणी नाही. पार्किंगमधल्या गाड्यांवर कोवळी नव्हे, चांगली एप्रिलची धूळ आहे. आणि त्या माणसाभोवती बोटाने काढलेला एक जाड लाल गोल आहे. पोलिसांच्या फायलीत संशयिताभोवती काढावा तसा. खाली एकच ओळ : "यांना नियम लागू नाहीत का?"

तो माणूस म्हणजे आमचे अण्णा. दुसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा परगावी. संध्याकाळी सहा वाजता चहाचा पेला घेऊन खाली यायचं, झाडाखाली पंधरा-वीस मिनिटं बसायचं आणि पेला विसळत वर जायचं, एवढा त्यांचा दिवसाचा ऐवज. टाळेबंदीतही ते तेवढंच करत होते. कुंपणाच्या आत. एकटे. उघड्या आभाळाखाली.

सोसायटीच्या ग्रुपवर त्या फोटोखाली अर्ध्या तासात वीसेक उत्तरं आली. "वयाचं तरी भान ठेवावं." "पोलीस काय वेडे आहेत का रस्त्यावर उभे राहायला?" "हे असे लोकच पसरवतात." "चहा घरात पिता येत नाही का?" कोणी हात जोडलेलं चित्र टाकलं, कोणी अंगठा टाकला. अंगठा टाकणाऱ्यांत मी होतो. दुसऱ्या दिवशी बाक गेला.

फोटो आला त्याच दिवशी सकाळी आमच्या फाटकाशी भाजीचा टेम्पो आला होता. तीसेक माणसं त्याला चिकटून उभी होती. फ्लॉवर हातात घेऊन दाबून बघत होती, परत टाकत होती, दुसरा तोच उचलत होता. मास्क हनुवटीवर, पैशाची नोट ओल्या बोटांनी मोजलेली. त्या घोळक्याचा फोटो एकानेही काढला नाही. मीही त्यात होतो, दोन जुड्या मेथीसाठी.

हा फरक मला तेव्हा दिसला नाही. आज लख्ख दिसतो, आणि तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आपण रोगावर पाळत ठेवत नव्हतो. आपण सुखावर पाळत ठेवत होतो. चेहरा पडलेला असेल, हातात पिशवी असेल, कपाळावर आठी असेल, तर माणसाने घोळक्यात शिरलेलं चालत होतं. चेहऱ्यावर समाधान असेल तर एकट्याने बसलेलंही खपत नव्हतं. अण्णांचा गुन्हा बाहेर पडण्याचा नव्हता. त्यांना चहा गोड लागत होता, हा त्यांचा गुन्हा होता.

"काही गरज होती का?" हे त्या दोन वर्षांतलं आपलं लाडकं वाक्य. टेकडीवर गेला? गरज होती का? मुलाचा वाढदिवस केला, केक कापला? गरज होती का? गच्चीवर पतंग? बायकोबरोबर गाडीवरून नुसती एक चक्कर? सुचतं कसं यांना! सरकारने जीवनावश्यक वस्तूंची यादी काढली, ती दुकानं कोणती उघडी ठेवायची हे ठरवण्यासाठी. दूध, किराणा, औषधं. आपण ती यादी माणसाच्या आयुष्याला लावली. यादीत जे नाही ते चैन, आणि चैन म्हणजे पाप, असा सरळ हिशेब झाला. बहात्तराव्या वर्षाकडे चाललेल्या, दिवसभर भिंतींशी बोलणाऱ्या माणसाला झाडाखालची वीस मिनिटं ही चैन आहे का? त्यांच्या औषधाच्या डब्यात तीन प्रकारच्या गोळ्या होत्या. चौथी गोळी तो बाक होता. ती आपण काढून घेतली आणि त्याचं नाव काळजी ठेवलं.

मी निर्बंधांच्या विरुद्ध नव्हतो, आजही नाही. एकट्या महाराष्ट्रात या साथीने सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे एक लाख अठ्ठेचाळीस हजार माणसं नेली. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनच्या बेडसाठी रात्री दोन वाजता फोन लावणाऱ्यांत मीही होतो. माझ्या सख्ख्या मावशीला शेवटचं बघता आलं नाही. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, आणि ती वीसही जमली नाहीत. भीती खरी होती. पहिल्या काही आठवड्यांत हा रोग कसा पसरतो हे डॉक्टरांनाही पुरतं उमगलं नव्हतं. त्या दिवसांत कोणी जरा जास्तच घाबरलं, तर त्याला मी दोष देणार नाही. पासष्टच्या वरच्यांनी शक्यतो घरात राहावं हा सल्लाही रास्त होता. पण सल्ल्याचा दंडुका करायचं काम आपण केलं, सरकारने नाही.

कारण माहिती हळूहळू येत गेली आणि आपण ती वाचली नाही. चीनमधल्या संशोधकांनी जानेवारी-फेब्रुवारी २०२० मधल्या लागणीच्या घटना तपासल्या होत्या. तीन किंवा जास्त माणसांना एकत्र लागण झाल्याच्या ३१८ घटना त्यांना सापडल्या. सगळ्याच्या सगळ्या बंद जागेतल्या; बहुतेक घरांतल्या, त्याखालोखाल प्रवासातल्या. उघड्यावर लागण झाल्याचं त्यांना एकच उदाहरण मिळालं, त्यात दोन माणसं. हा निबंध एप्रिल २०२० मध्येच लोकांपुढे आला होता. उघड्यावर घोळका केला तर धोका असतोच, पण उघड्यावर एकट्याने बसण्यात तो जवळजवळ नसतो, हे कळायला त्यानंतर फार हुशारी लागत नव्हती. आपल्या राज्य सरकारने ३ जून २०२० पासून पहाटे पाच ते संध्याकाळी सात या वेळात मोकळ्या जागेत चालायला, व्यायामाला परवानगी दिली. सरकारला कळलं होतं. आमच्या सोसायटीच्या कमिटीला कळायचं नव्हतं. बागेच्या फाटकाला साखळी तशीच, गच्चीला कुलूप तसंच, बाक पंपरूममध्ये तसाच.

त्याच जूनमध्ये खाजगी कचेऱ्या दहा टक्के माणसांवर सुरू झाल्या. खिडक्या न उघडणाऱ्या, एसी लावलेल्या खोल्यांत लोक आठ-आठ तास बसू लागले. धोका तिथे होता. त्याचा फोटो कोण काढणार? काचेआडचा माणूस कामात असतो, आणि कामात असलेल्या माणसाला आपल्याकडे सगळं माफ असतं. उघड्यावर बसलेला माणूस वरून दिसतो, म्हणून तोच सापडतो. रोग बंद दाराआड, पहारा मोकळ्या हवेवर. दोन वर्षं आपण हेच केलं.

आणि हा पहारा कसा आला बघा. मार्च २०२० मध्ये जो साथरोग कायदा लागू झाला तो १८९७ चा, म्हणजे आपल्या मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठीच इंग्रजांनी केलेला. त्या वर्षी पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले. देवघरात, माजघरात, बायकांच्या खोल्यांत. त्या अपमानाची आग अशी पेटली की २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग-कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. शाळेत आपण हा धडा छाती फुगवून शिकलो. परक्याने आपल्या उंबऱ्याच्या आत डोकावलेलं आपल्याला सहन झालं नव्हतं. २०२० मध्ये कोणालाही आत शिरावं लागलं नाही. गॅलरीतल्या शेजाऱ्याने फोन पुरवला.

पहिला रुग्ण पुण्यात सापडला ९ मार्च २०२० ला. दुबईची सहल करून आलेलं जोडपं. त्यांची प्रकृती कशी आहे याआधी त्यांचं घर कुठलं, हे शहरभर फिरायला लागलं. रुग्णांची ओळख उघड करू नका, असं प्रशासनाला हात जोडून सांगावं लागलं. सहलीला गेले होते ना, मग भोगा. हा सूर त्या पहिल्याच आठवड्यात लागला आणि मग उतरलाच नाही. आठवड्याभरात परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शाईचे शिक्के बसू लागले. घरात विलगीकरणात राहायचं, हे लक्षात राहावं म्हणून. शिक्क्याचा हेतू चांगलाच होता, आणि तो शिक्का घेऊन प्रवासाला निघणारेही चुकतच होते. जर्मनीहून आलेल्या चौघांना पालघरला गाडीतून उतरवलं गेलं ते योग्यच झालं. पण हातावरचा शिक्का काही दिवसांत पुसला जातो. आपण जो मारला तो कपाळावर मारला.

कोणी पॉझिटिव्ह निघाला की आपला पहिला प्रश्न काय असायचा, आठवा. "ताप किती आहे?" असा नसायचा. "जेवणाची सोय आहे का?" असाही नसायचा. "कुठे गेला होता?" हा पहिला प्रश्न. आजार म्हणजे चालचलणुकीचा दाखला झाला. सज्जनाला होत नाही, झाला म्हणजे काहीतरी मजा मारून आला असणार. याचा परिणाम काय झाला हे प्रत्येक डॉक्टर सांगेल. लोकांनी ताप लपवला. खोकला आला की नळ सोडून खोकले. चाचणीला जायला तीन दिवस, चार दिवस उशीर केला, कारण दारावर कागद चिकटला असता, जिन्यात पत्रे ठोकले असते, दूधवाला वरच्या वर गेला असता. ते तीन दिवस घरातल्या म्हाताऱ्यांच्या जिवावर गेले. लाज ही त्या विषाणूची सर्वांत मोठी सोय होती, आणि ती आपण त्याला फुकट पुरवली.

ज्यांच्यासाठी टाळ्या-थाळ्या वाजवल्या त्यांनाही सोडलं नाही. रुग्णालयातून ड्यूटी करून येणाऱ्या परिचारिकांना घरमालकांनी खोल्या सोडायला सांगितलं. आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांमुळे केंद्राला २२ एप्रिल २०२० ला त्याच १८९७ च्या कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती करावी लागली. थाळी वाजवून तोपर्यंत एक महिनाच झाला होता.

भाजीवाल्याला नाव विचारून भाजी घेणारेही याच दिवसांत निपजले. तबलिगी जमातीच्या निमित्ताने एका अख्ख्या समाजाभोवती लाल गोल काढला गेला. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातीच्या मेळाव्याला आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द करताना बळीचा बकरा हा शब्द वापरला. निकाल आला तोवर कित्येकांच्या हातगाड्या गल्लीतून उठल्या होत्या, त्या परत आल्या नाहीत.

कोकणात काय झालं ते चाकरमानीच सांगू जाणे. वर्षभर मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत ज्या एका गोष्टीसाठी माणूस जगतो ती म्हणजे गावचा गणपती. २०२० ला दहा दिवस आधी येऊन विलगीकरणात राहायची अट पडली. अट समजू शकतो. पण ज्या गावच्या देवळाला, शाळेला, रस्त्याला याच मुंबईकरांनी वर्गणी दिली त्या गावच्या वेशीवर बांबू आडवे पडले, आणि "तुमका हय येवची गरजच काय होती?" हे सख्ख्या भावकीने ऐकवलं. परत तोच शब्द. गरज. गणपतीला घरी यायची गरज काय, हे ज्याला विचारावंसं वाटलं त्याला मी काय उत्तर देणार!

आनंद म्हणजे रिकामटेकड्यांची चैन, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा नारायणगावला जावं. जुन्नर तालुक्यातल्या या गावी पाडव्याच्या आधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी येतात, यात्रेच्या तारखेसाठी फड ठरवतात, सुपारी देतात. दसऱ्याला सुरू झालेल्या हंगामाची खरी कमाई या चैत्र-वैशाखाच्या यात्रांवर. सावकाराचं कर्ज त्यातून फिटतं, पोरांच्या शाळेची फी त्यातून जाते. २०२० चा पाडवा होता २५ मार्चला, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. २०२१ चा पाडवा होता १३ एप्रिलला, आणि त्याच रात्री राज्यात पुन्हा कडक निर्बंधांची घोषणा झाली. लागोपाठ दोन पाडवे गेले. ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या बाया, ट्रकचा क्लीनर, तंबूचे खुंट ठोकणारा पोरगा, सगळे घरी. यात्रा भरवा असं मी म्हणत नाही. त्या गर्दीत ते शक्यच नव्हतं. पण यांना मदत द्या म्हटल्यावर "लोक मरतायत आणि यांना तमाशाचं पडलंय" हे जे उत्तर चारचौघांतून येत होतं, ते मी स्वतः ऐकलं आहे. तमाशा बघणाऱ्याला तो करमणूक वाटतो. करणाऱ्याची ती भाकरी आहे. तुमचा आनंद कोणाच्या तरी घरची चूल पेटवतो. लग्नातला बँडवाला, मांडववाला, आचारी, भेळेची गाडी, जत्रेतला पाळणेवाला, नाटकाच्या बसचा ड्रायव्हर आणि नेपथ्य उचलणारे हात, या सगळ्यांचा धंदा म्हणजे दुसऱ्याची मौज. मौजेला लाज आणली की यांच्या ताटातला घास जातो. एप्रिल २०२१ मध्ये तर लग्न पंचवीस माणसांत, दोन तासांत उरकायचं होतं, नाहीतर पन्नास हजार दंड. त्या दोन तासांत बँडवाल्याला जागा कुठे?

आणि मधला मार्ग निघत नव्हता असं नाही. वारीचं उदाहरण घ्या. शेकडो वर्षांची पायी वाट २०२० ला थांबली. वारकऱ्यांच्या काळजाला घरं पडली. पण पांडुरंगाची भेट चुकली नाही. आषाढी दशमीला, ३० जूनला, ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला निघाल्या, प्रत्येकी मोजक्या वीस माणसांनिशी, फुलांनी मढवलेल्या गाड्यांतून. गणपतीतही तेच. मूर्ती सार्वजनिक मंडळाची चार फूट, घरची दोन फूट. लालबागच्या मंडळाने त्या वर्षी मूर्तीच बसवली नाही, आरोग्योत्सव केला, रक्तदान केलं. म्हणजे आनंद लहान करता येतो, साधा करता येतो, वेगळ्या रूपात करता येतो. लाखोंची वारी मोजक्या एसटींत मावली. आमच्या सोसायटीला एका माणसाचा चहा मावेना.

अण्णांनी तो पादुकांचा प्रवास टीव्हीवर पाहिला होता, हे मला पुढे कळलं. मी पिशवीभर औषधं द्यायला गेलो होतो, दारातूनच. आत टीव्ही चालू होता. ते म्हणाले, "आमची गाडी गेली बघ माउलींना घेऊन." आमची म्हणजे एसटीची. चौतीस वर्षं त्यांनी तिच्या पोटाखाली झोपून नट-बोल्ट आवळले होते. त्या क्षणी त्यांचा चेहरा फुलला होता. मग त्यांनी पटकन आवाज बारीक केला. टीव्हीचाही आणि स्वतःचाही. शेजारी ऐकतील म्हणून. आपल्या घरात, आपल्या देवाकडे बघून झालेला आनंद म्हाताऱ्या माणसाने असा लपवावा, ही वेळ कोणी आणली? ती कुठल्या अध्यादेशाने आणली नव्हती. ती माझ्या अंगठ्याने आणली होती.

मुलांचं काय केलं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. शहरातल्या पहिली-दुसरीच्या पोरांनी मार्च २०२० नंतर शाळेचं तोंड पाहिलं ते जवळजवळ पावणेदोन वर्षांनी. एवढ्या काळात त्यांनी पार्किंगमध्ये एकदा टेनिसचा चेंडू आपटला तरी वरून आवाज यायचा : "ए, घरी जा! आईबापांना अक्कल नाही का?" ती पोरं आता बारा-तेरा वर्षांची झाली आहेत. खाली बोलावलं तर येत नाहीत. आणि आपण त्यांना मोबाइलवरून बोल लावतो.

नियम मोडल्याबद्दल कलम १८८ खाली पोलिसांनी जे गुन्हे नोंदवले, ते मागे घेण्याचा निर्णय सरकारने २०२२ मध्ये घेतला. मास्कची सक्ती २ एप्रिल २०२२ ला गेली, पाडव्याच्याच दिवशी. देवळं उघडली, नाट्यगृहं उघडली, लोकल सर्वांना खुली झाली. सरकारने लावलेलं सरकारने काढलं, तारीखवार. आपण एकमेकांवर लावलेलं काढायला कोणी तारीख दिली नाही. त्या फोटोखालची वीस उत्तरं कोणी मागे घेतली नाहीत. कट्टा उठला तो उठलाच. जिन्यात भेटून दहा मिनिटं बोलणारी माणसं आता लिफ्टच्या आकड्यांकडे बघतात. कोणाकडे न सांगता चहाला जाणं बंद पडलं. आता आधी मेसेज, मग वेळ, मग "पुढच्या आठवड्यात बघू". यातलं सगळंच साथीने केलं असं मी म्हणणार नाही, कट्टे आधीपासून विरळ होत होते. पण उरलेसुरले आपण त्या दोन वर्षांत उखडले, आणि उखडताना आपल्याला पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

अण्णा त्यानंतर खाली आले नाहीत. सुरुवातीला नियम म्हणून, मग मन उडालं म्हणून, मग पाय धरले म्हणून. बसून बसून गुडघे आखडले. गेल्या दोन वर्षांत ते दवाखान्याखेरीज जिना उतरलेले नाहीत. चहा गॅलरीत पितात, खुर्ची आत ओढून, खालून दिसणार नाही अशी.

प्लंबर गेल्यावर मी बाक ओढून बाहेर काढला. वॉचमनने हात लावला. पाइप लावून धुतला तेव्हा लाकडाचा मूळ रंग थोडा दिसला. सेक्रेटरींनी वरून विचारलं, "मीटिंगमध्ये विषय घेतलाय का?" मी सांगितलं, उचलताना घेतला नव्हता, ठेवतानाही घेणार नाही. झाडाखाली जागा अजून तशीच आहे. फरशीवर चार पायांचे गंजाचे डागही आहेत.

मग दुसऱ्या मजल्यावर गेलो. बाक सापडल्याचं सांगितलं. अण्णा काही बोलले नाहीत. जे मी पाच वर्षं घशात धरून होतो, ते सांगितलं. "अण्णा, त्या फोटोखाली माझाही अंगठा होता."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी पण होतो की ग्रुपवर."

बराच वेळ पंखा तेवढा फिरत राहिला. मग त्यांनी विचारलं, "डावीकडचा मागचा पाय हलत होता त्याचा. बघितलास का?"

हलत होता खरा. मी म्हटलं, हो.

ते उठले, कपाटाच्या खालच्या खणातून एक तेलकट फडक्याची पुरचुंडी काढली, तिच्यातला पाना उचलून उजेडात धरला आणि डोळे बारीक करून आकडा वाचला. बारा-तेराचा. "चालेल हा," म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

दोन जिने उतरायला आम्हाला पाव तास लागला. पाना त्यांनी माझ्या हातात दिला नाही.